वायरमनचा कॉन्ट्रॅक्टर व्हायचंय? मग आधी कुठलं आणि नंतर कुठलं ते बघा

आठवड्याला एखादा तरी फोन येतो. "दादा, विश्रामबागला बंगल्याचं काम घेतलंय पॉइंटवर, म्हणजे दर दिव्या-प्लगमागे ठरलेल्या रेटवर, वायर ओढून झाली, मालक आता म्हणतो बाकीचे पैसे वास्तुशांतीला देतो, काय करू?" काय करणार, वास्तुशांतीचं जेवण जेवून यायचं. तो पोरगा कामात कच्चा नाही, हात चांगलाय त्याचा, फक्त त्याने सगळं उलट्या क्रमाने केलंय. आधी बोर्ड रंगवला, मग सेकंडहँड टेम्पो घेतला, मग चार पोरं ठेवली, मग काम शोधलं आणि लायसन अजून काढायचंच आहे. सांगली, मिरज, कुपवाड, कराड, सातारा, सगळीकडे हेच बघतोय म्हणून एकदा सविस्तर लिहितो. वाचून कंटाळा आला तर टप्पा ३ आणि ४ तरी वाचा, बुडणारे ९० टक्के तिथेच बुडतात असं माझं मत आहे.

टप्पा १: लायसन, आणि तेही स्वतःचं

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोरं त्या एकच समजतात. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड केला (दोन्ही दोन वर्षांचे) की तारतंत्रीचा परवाना, तो हाताने काम करायला. त्यानंतर पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, ते दुसऱ्याच्या कामावर देखरेख करायला. आणि तिसरं विद्युत ठेकेदाराचं लायसन, ते धंदा करायला. हे सगळं शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतं. ठेकेदाराच्या लायसनला पर्यवेक्षक परवानाधारक माणूस लागतो, तुम्ही स्वतः किंवा पगारावर ठेवलेला, आणि टेस्टिंगची मीटरं लागतात. आयटीआय झाल्या झाल्या पहिल्या परवान्याच्या मागे लागा, "बघू नंतर" म्हणणारे दहा वर्षांनी पण बघतच असतात.

दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलणं एवढं सोडलं तर घरातलं वायरिंगचं काम लायसनवाल्या ठेकेदाराकडूनच झालं पाहिजे असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे. महावितरणकडे नवीन मीटरला अर्ज केला की टेस्ट रिपोर्ट मागतात, त्यावर लायसनवाल्याची सही लागते. मग काय होतं, ज्याच्याकडे लायसन नाही तो दुसऱ्याची सही विकत आणतो. काही वर्षं मी पण तेच केलं, लपवत नाही. पण त्यात तुमचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही, पाच वर्षं काम करून दाखवायला एक कागद नाही. आणि उद्या कुणाला शॉक बसला तर सही करणारा म्हणणार मी साइट बघितलीच नव्हती आणि मालक तुमच्याकडे बोट दाखवणार.

सावधान: लायसन मिळाल्यावर उलटं पण करू नका. न बघितलेल्या कामाच्या रिपोर्टवर पाचशे-हजारासाठी सही म्हणजे घरात साप पाळणं.

बाकीचे कागद पटापट. माणसं थोडीच असतील तर शॉप अ‍ॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी पूर्णपणे फुकट आहे, त्याचे दीड हजार कुणाला देऊ नका. धंद्याचं चालू खातं वेगळं काढा. जीएसटीची नोंदणी आपल्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की लागते, ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आहे, आपल्याला नाही, यात लय लोक फसलेत.

टप्पा २: हत्यारं, पण मीटर आधी

ड्रिल आणि कटर सगळे घेतात. मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, कोण घेत नाही. माझं म्हणणं उलटं आहे, कटर भाड्याने मिळतो, मेगर स्वतःचा पाहिजे. ५०० व्होल्टचा मेगर, अर्थ टेस्टर, क्लॅम्प मीटर, बरा मल्टिमीटर. लायसनच्या तपासणीला लागतातच, पण खरा उपयोग भांडणात होतो. सहा महिन्यांनी मालक म्हणतो "तुमच्या वायरिंगमुळे फ्रिज जळाला", तेव्हा तुमच्याकडे तारखेसकट रीडिंग लिहिलेला कागद असला तर बोलणं पाच मिनिटांत संपतं.

टप्पा ३: साइट बघणं आणि एस्टिमेट

फोनवर रेट सांगू नका. "पॉइंटला किती घेता?" असं विचारलं की जीभ चावा आणि म्हणा, "काका, साइट बघून सांगतो." साइटवर जाताना वही, टेप आणि नकाशाची झेरॉक्स. खोलीखोलीत उभं राहून घरातल्या बाईमाणसाला विचारा मिक्सर कुठे, ओव्हन कुठे, वॉशिंग मशीन कुठे, इन्व्हर्टर कुठे. पुरुष फक्त टीव्हीचं सांगतात. नंतर प्लॅस्टर झाल्यावर "इथे एक पॉइंट वाढवा ना" येतो तो जवळजवळ नेहमी किचनमधला असतो.

मग सर्किट पाडा. लाईटच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट याच्यावर जायचं नाही. १६ अँपिअरच्या प्लगला २.५ स्क्वेअर (चौरस मिमी) वायर, एसी आणि गीझरला ४ स्क्वेअर आणि प्रत्येकाला वेगळी लाइन थेट डीबीतून, म्हणजे घराच्या मेन वाटप पेटीतून. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा, हे एस्टिमेटमध्येच धरा कारण वायरचं कॉइल ९० मीटरचं असतं आणि न्यूट्रल कॉमन धरून हिशोब केला की तीन-चार कॉइल कमी पडतात, मग साइटवर तडजोड सुरू.

आता रेट. इथे सगळ्यात मोठी चूक. पोरं शेजारच्या कॉन्ट्रॅक्टरचा रेट ऐकतात आणि त्यातून वीस-तीस रुपये कमी करून सांगतात. रेट दिवसांवरून काढायचा असतो. उदाहरणाला आकडे धरतो, तुमच्या गावचा रोज तुम्ही घाला.

समजा ६० पॉइंटचं घर, फक्त मजुरी, पॉइंटला ४०० सांगितले, २४,००० झाले. वाटतं बरे आहेत. आता दिवस मोजा. स्लॅबची पायपिंग २, भिंतीत झिरी मारून पाइप आणि बॉक्स बसवणं ५, वायर ओढणं ३, फिटिंग ३, टेस्टिंग आणि किरकोळ १. चौदा दिवस. कारागीर ९०० आणि हाताखालचा ६००, म्हणजे जोडीचा रोज १५००. चौदा दिवसांचे २१,०००. हातात राहिले तीन हजार, त्यात पेट्रोल, कटरची पाती, गवंड्याने बॉक्समध्ये भरलेला माल काढायचा वेळ आणि तुमच्या स्वतःच्या दहा चकरा. म्हणजे तुम्ही मालक होऊन हाताखालच्यापेक्षा कमी कमावलं.

बरोबर हिशोब असा: मजुरी २१,०००, पेट्रोल आणि ने-आण २,५००, पाती आणि हत्यारांची झीज १,५००, तुमचा स्वतःचा पगार ८,०००. झाले ३३,०००. त्यावर १५ टक्के नफा म्हणजे ४,९५०. साधारण ३८,०००, भागिले ६०, पॉइंटला ६३० च्या आसपास. हे ऐकून गिऱ्हाईक पळालं तर पळू द्या. खरंच पळू द्या, ते गिऱ्हाईक दुसऱ्याला बुडवणार आहे.

कोटेशन कागदावर द्या, आणि त्यात हे पाहिजेच:

– पॉइंट म्हणजे काय ते लिहा. लाईट, टू-वे (दोन ठिकाणांहून चालू-बंद होणारा), प्लग, पॉवर, फॅन, बेल, सगळ्यांचा रेट वेगळा.
– झिरी बुजवून प्लॅस्टर कोण करणार. हे लिहिलं नाही की गवंडी आणि तुमचं भांडण ठरलेलं.
– वायर, पाइप, स्विच कुठल्या कंपनीचे आणि कुठला प्रकार. नुसतं "चांगल्या कंपनीचं" म्हणजे काहीच नाही.
– माल तुमचा असेल तर कोटेशन १५ दिवसच चालू. तांब्याचा भाव वर-खाली होत असतो आणि घराचं बांधकाम मात्र दोन वर्षं चालतं.
– जीएसटी धरून की वगळून. कामाच्या ठेक्याला साधारणपणे १८ टक्के लागतो, तो आत धरला तर तुमचा नफा तेवढ्यातच जातो.
– वाढीव पॉइंट लेखी सांगितल्याशिवाय करणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पण चालतो.

तपासा: कोटेशन एकदा पेट्रोल न धरता आणि एकदा धरून वाचा. दोन्हीत तेवढाच नफा दिसला तर कुठेतरी बेरीज चुकलीय.

टप्पा ४: पैसे कधी घ्यायचे

सुरुवातीला २० टक्के. स्लॅबची पायपिंग झाली की २०. भिंतीची पायपिंग आणि बॉक्स झाले की २०. वायर ओढली की २५. फिटिंग आणि टेस्टिंग झाल्यावर १५. असं का, तर वायर ओढून झाली की मालकाला तुमची गरज संपल्यासारखी वाटते, स्विच तर कोण पण बसवतो. त्या वेळेला तुमचे ४० टक्के अडकलेले असले तर तुमचा हात दगडाखाली आहे. १५ च राहिले असतील तर मालकालाच घाई असते.

नियम एकच, मागच्या टप्प्याचे पैसे खात्यावर आल्याशिवाय पुढच्या टप्प्याचा माल दुकानातून उचलायचा नाही. दुकानदाराची उधारी तुमच्या नावावर असते, मालकाच्या नाही.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. एका कॉम्प्लेक्सच्या कामात माझे दोन लाख ऐंशी हजार अडकले, नाव घेत नाही, अजून गावातच आहेत. रनिंग बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने द्यायचं बिल) कधी दिलंच नव्हतं, "आपलाच माणूस आहे" म्हणून तोंडी चाललेलं. वायरवाल्या दुकानदाराला द्यायला पतसंस्थेत बायकोचं सोनं ठेवलं, सोडवायला अडीच वर्षं लागली. बायको आजतागायत बोलली नाही त्यावर एक शब्द, तेच जास्त लागतं.

स्लॅब भरायच्या आधी पायपिंगचे फोटो काढा, तारखेसकट, आणि मालकाला त्याच दिवशी पाठवा. काँक्रीटखाली गेलेलं काम नंतर कुणालाच दिसत नाही, आणि व्हायब्रेटरने पाइप फुटला तर चूक कुणाची ते फोटोच सांगतो.

कंपनीचं काम असेल तर बिलातून टीडीएस कापतात, व्यक्तीच्या नावावर धंदा असेल तर १ टक्का. घाबरू नका, रिटर्न भरला की तो हिशोबात धरला जातो. पण पॅन दिलं नाही तर २० टक्के कापतात, म्हणून पॅन पहिल्या बिलासोबतच द्या.

टप्पा ५: काम आणि टेस्टिंग

वायरिंग कसं करायचं ते तुम्हाला येतं, ते शिकवत बसत नाही. फक्त जिथे परत परत बोलावणं येतं तेवढं सांगतो.

आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की सप्लाय तोडणारा स्विच. नवीन घर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, मालक राहायला आला आणि रात्री गीझर लावला की ट्रिप. पोरगा जातो आणि दोन वायरी एकत्र करून आरसीसीबी बायपास करून येतो, "आता नाय पडत काका." मी मिरजेत एका घरी गेलो होतो, डीबी उघडला तर आरसीसीबी नुसता शोभेला, इनकमिंगची वायर थेट बसबारला, म्हणजे डीबीतल्या पट्टीला. त्या घरात दोन लहान पोरं, आणि बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून आजी तक्रार करत होत्या, कुणी मनावर घेत नव्हतं. शोधलं तर दोन गोष्टी निघाल्या. पॅसेजच्या टू-वेचा न्यूट्रल दुसऱ्या आरसीसीबीच्या सर्किटमधून उचललेला, आणि गीझरचा एलिमेंट बॉडीला लीक. आरसीसीबी खरं सांगत होता, आपल्या माणसाने त्याचंच तोंड बंद केलं.

टेस्टिंगचा क्रम असा ठेवा आणि बदलू नका:

१. सप्लाय बंद, दिवे आणि उपकरणं काढलेली, मग ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. एक मेगओहमच्या खाली आलं तर पुढे जायचं नाही.
२. अर्थची सलगता, प्रत्येक प्लगच्या अर्थ पिनपासून डीबीपर्यंत.
३. अर्थिंगचं रीडिंग. मी ५ ओहमच्या आत आल्याशिवाय सोडत नाही. सांगलीकडे काळी माती, पावसाळ्यात रीडिंग झकास येतं आणि एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळली की चढतं, म्हणून उन्हाळ्यात एकदा परत बघा. साताऱ्यात डोंगराच्या कडेला खाली कातळ लागतो, तिथे एका खड्ड्यात भागत नाही, दोन-तीन अर्थिंग करून जोडावी लागतात, ते एस्टिमेटमध्येच धरा.
४. सप्लाय दिल्यावर पोलॅरिटी, म्हणजे स्विचने फेजच तुटतोय ना.
५. शेवटी आरसीसीबीचं टेस्ट बटण, मालकासमोर, मालकाच्याच बोटाने. दर महिन्याला एकदा दाबायचं ते पण तेव्हाच सांगा.

सांगलीकरांसाठी वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. गावभागात, नदीकाठच्या भागात घर असेल तर त्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्यांना विचारा, डीबी त्याच्या वर घ्या आणि तळमजल्याला वेगळा आयसोलेटर (सप्लाय तोडायचा स्विच) द्या म्हणजे खालचं बंद करून वरचं चालू ठेवता येतं. मीटरची जागा महावितरणशी बोलूनच हलवा.

सावधान: पोलवर चढायचं नाही. लाइन बंद करणं आणि पोलवरचं जोडणं हे महावितरणचं काम, "वायरमन ओळखीचा आहे, बंद करतो म्हणालाय" यावर विश्वास ठेवून माणसं गेलीत.

टप्पा ६: पोरं सांभाळणं

कामापेक्षा अवघड हेच. हजेरीची वही रोज संध्याकाळी भरा, शनिवारी आठवून भरली की भांडण. उचल द्या पण लिहून, आणि दोन आठवड्यांच्या पगारापेक्षा जास्त नको, उचल वाढली की पोरगा एक दिवस दुसऱ्याकडे जातो आणि तुमचे पैसे पण जातात. तुमच्याकडे पैसे आले नाहीत म्हणून पोरांचा शनिवारचा पगार चुकवू नका, त्यांनी काम बिल्डरचं नाही तुमचं केलंय. यासाठी एक महिन्याची मजुरी वेगळ्या खात्यात पडून पाहिजे. ती जमेपर्यंत टेम्पो घेऊ नका.

प्रत्येकाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. एवढ्यावर थांबू नका, ग्रुपचा अपघात विमा पण बघा. दहा माणसं झाली की ईएसआयसी आणि वीस झाली की पीएफ, त्याच्या आधीच सीएला विचारून ठेवा.

टप्पा ७: मोठी कामं

घरांच्या कामात दोन-तीन वर्षं हिशोब बसल्यावरच. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतलं फॅक्टरीचं काम, तासगावकडचं कोल्ड स्टोरेज, यात पैसा आहे पण बिल ६०-९० दिवसांनी निघतं, तेवढे दिवस पोरांचा पगार खिशातून. सरकारी टेंडरला डिजिटल सही, अनामत, आणि पैसे मार्च एंडपर्यंत वाट बघायची ताकद. पहिल्याच टेंडरला ३० टक्के बिलो, म्हणजे सरकारी अंदाजापेक्षा कमी रेट, भरणाऱ्यांना माझा नमस्कार.

सोलर सध्या सगळ्यांना करायचंय. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्याच्यावर ७८,००० पर्यंत सबसिडी आहे, पण ती गिऱ्हाईकाच्या खात्यावर जाते, तुमच्या नाही. "सबसिडी वजा करून बाकीचे द्या" असं बोलून बसला की ते ७८,००० नंतर मागत फिरायचं. पूर्ण बिल घ्या, सबसिडी त्यांची त्यांना. आणि आधी विक्रेता म्हणून नोंदणी, मग गिऱ्हाईक.

टप्पा ८: गावाला परत देणं, याला पण क्रम आहे

धंदा जरा बसला की सगळ्यात आधी काय करतात, गणपतीला मंडळाची लायटिंग फुकट आणि खाली स्वतःचा बॅनर. त्याला मी जाहिरात म्हणतो. करा, पण ते वेगळ्या वहीत लिहा.

पहिलं परत देणं स्वतःच्या पोरांना. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला इमारत बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करता येते, मुलांच्या शिष्यवृत्तीपासून बऱ्याच योजना आहेत, आणि त्याला ९० दिवसांचा दाखला लागतो. तो ठेकेदार देऊ शकतो. तुमच्या हजेरीच्या वहीवरून खरा दाखला द्या, फुकट. गल्लीतल्या कुणाला तरी मंडळाच्या भांड्यांच्या सेटसाठी खोटा देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. आणि हाताखालच्या एका पोराला दरवर्षी परवान्याच्या परीक्षेला बसवा, फी तुम्ही भरा. तो उद्या तुमच्यासमोर स्वतःचं दुकान टाकेल, टाकू द्या. माझ्याकडचे तिघं गेलेत, मोठं काम आलं की त्यांनाच बोलावतो.

मग शाळा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत पंख्याचे हूक, उघडे बोर्ड आणि नावाला राहिलेली अर्थिंग तपासण्यासारखी असते. करायचं असं:

१. मुख्याध्यापकांचं पत्र आणि शाळा व्यवस्थापन समितीचा होकार लेखी घ्या. न विचारता हात लावला आणि काही झालं तर पुण्य राहिलं बाजूला.
२. एप्रिलच्या शेवटी पाहणी, काम मे महिन्याच्या सुट्टीत. पोरं शाळेत असताना नाही.
३. आधी आरसीसीबी आणि अर्थिंग, मग पोरांच्या हाताला लागणारे बोर्ड, मग पंख्यांचे हूक. एलईडी आणि रंगीत दिवे सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.
४. घरी उरलेला जुना माल लावू नका. गिऱ्हाईकाकडे जो लावता तोच.
५. मीटरच्या पलीकडे, म्हणजे महावितरणच्या बाजूला, काही वाटलं तर मुख्याध्यापकांकरवी महावितरणला अर्ज.
६. रीडिंगचा कागद डीबीच्या दाराला आतून चिकटवा, पुढच्या तपासणीची तारीख टाकून.

पुराच्या वेळी पण उपयोग होतो. पाणी ओसरल्यावर लोक पहिलं काम करतात ते मेन स्विच टाकायचं. त्या चार दिवसांत गल्लीत फिरून एवढंच सांगा की थांबा. बोर्ड उघडून चिखल धुवायचा, वाळू द्यायचं, पाण्याखाली गेलेले एमसीबी आणि आरसीसीबी सरळ बदलायचे, मेगर लावायचा, रीडिंग आलं तरच सप्लाय. माल गिऱ्हाईकाचा, मजुरी तुमची, असं आधीच सांगून टाका, नाहीतर दुकानदाराची उधारी परत तुमच्याच नावावर. आणि जाताना मेगरच्या बॅटऱ्या जास्तीच्या घ्या, पुरानंतर दुकानं आठ-आठ दिवस उघडत नाहीत.